कचऱ्याची राखण

मराठी वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रकांत एक शब्दप्रयोग आता रुळून गेला आहे : ‘किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट’. शब्दप्रयोग निरुपद्रवी दिसतो, परंतु आमचा आक्षेप त्यापासूनच सुरू होतो. विल्हेवाट लागली म्हणजे प्रश्न मिटला. मयताच्या मालमत्तेची विल्हेवाट लागते, जप्त मुद्देमालाची लागते, पडक्या वाड्याच्या लाकूडफाट्याची लागते, आणि मग त्या गोष्टीकडे कोणी मागे वळून पाहत नाही. अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या जहाल कचऱ्याला हा शब्द लागू पडत नाही. तो पुरला तरी संपत नाही, जाळला तरी संपत नाही, काचेत ओतून पोलादी डब्यात भरला तरी संपत नाही. त्याच्या बाबतीत माणसाच्या हाती एकच काम उरते आणि त्या कामाला आपल्या भाषेत जुना, चांगला शब्द आहे : राखण.

शब्द बदलला की प्रश्नही बदलतात. विल्हेवाटीच्या बाबतीत आपण विचारतो, ‘झाली का?’ राखणीच्या बाबतीत वेगळेच विचारावे लागते. राखणदार कोण? त्याला कोणी नेमले? त्याची मजुरी कोण देतो? तो गेल्यावर कोण येणार? आणि ज्यांच्या शिवारात ही राखण चालते त्यांना तिची खबर आहे काय? अणुऊर्जेच्या बाजूने आणि विरुद्ध आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या पाच प्रश्नांवर मात्र त्या मानाने फारच थोडे.

शहापूर-मुरबाडकडच्या आम्ही मंडळींनी ह्या विषयात बोलावे ह्याला कारण आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला उभे राहिले तेव्हा तारापूर आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. १९६९ साली तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले. शहापूर आणि मुरबाड जुन्या जिल्ह्यात राहिले, तारापूर नव्या पालघर जिल्ह्यात गेले. अणुभट्टी सुरू झाल्यापासून पुरती ४५ वर्षेही झाली नव्हती, तोच तिच्या पत्त्यातला जिल्हा बदलला. ज्या वस्तूचा हिशेब शतकांनी आणि सहस्रकांनी करायचा तिच्या कागदपत्रांवर पहिल्या अर्धशतकातच खाडाखोड करावी लागली, ही गोष्ट किरकोळ असली तरी बोलकी आहे.

आधी हा कचरा म्हणजे नेमके काय ते पाहू. अणुवीज केंद्रातला सगळा कचरा एका जातीचा नसतो. हातमोजे, कपडे, गाळण्या, पुसण्याची फडकी, पाणी शुद्ध करणारी राळ असा सौम्य व मध्यम किरणोत्साराचा कचरा आकारमानाने मोठा असतो. तो दाबून वा जाळून लहान करतात, सिमेंटमध्ये घट्ट बसवतात आणि केंद्राच्या आवारातच जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. त्यातले मुख्य घटक सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. दोघांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे, म्हणजे दर ३० वर्षांनी त्यांचा किरणोत्सार निम्मा होतो. अशी दहा अर्धायुष्ये गेली की तो हजारावा हिस्सा उरतो. म्हणून ह्या खंदकांच्या देखरेखीचा हिशेब साधारण ३०० वर्षांचा धरतात.

खरा जहाल भाग वापरलेल्या इंधनात असतो. भट्टीतून काढलेले इंधन इतके तप्त आणि किरणोत्सारी असते की ते कित्येक वर्षे खोल पाण्याच्या टाकीत निववावे लागते. अमेरिकेसारखे देश हे इंधन कचरा समजून तसेच ठेवतात. भारताने होमी भाभा ह्यांच्या त्रिस्तरीय योजनेपासून वेगळी वाट धरली आहे. आपल्या धोरणात हे इंधन कचरा नसून ठेवा आहे. त्यावर रासायनिक पुनर्प्रक्रिया करून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढायचे व पुढच्या भट्ट्यांत वापरायचे. त्यानंतर जो अतिजहाल द्रव उरतो तो बोरोसिलिकेट काचेच्या रसात मिसळून पोलादी डब्यांत ओततात. काच पाण्यात सहजी विरघळत नाही, हे त्यामागचे कारण. देशात हे काम प्रथम तारापूरला सुरू झाले. काचेचे हे डबे तेथेच भूमिगत दालनात ठेवले जातात. डब्यांच्या उष्णतेने हवा तापून उंच धुराड्यातून वर जाते, तिच्या जागी गार हवा आत ओढली जाते आणि पंख्याविना, विजेविना डबे निवत राहतात. योजना सुबक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे जाऊन ह्याच कचऱ्यातून सिझियम वेगळे काढले आणि रक्तपेढ्यांतील रक्ताच्या विकिरणासाठी त्याच्या काचकांड्या बनवल्या. ह्या मंडळींच्या कसबाविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु ह्या सुबक योजनेतही डबे त्या दालनात कायमचे ठेवलेले नाहीत. काही दशके निवल्यावर ते खोल भूगर्भात, पाण्यापासून आणि माणसापासून दूर न्यायचे, असे शास्त्र सांगते. तशी जागा भारतात आज नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका बंद भागात सुमारे १००० मीटर खोलीवर, उष्णतेचा खडकावर काय परिणाम होतो हे तपासणारा प्रयोग १९८०च्या दशकात झाला. राजस्थानातील ग्रॅनाइटचाही अभ्यास झाला. पुढे कुडनकुलमच्या खटल्यात कोलारचे नाव न्यायालयात निघाल्याचे कळताच २०१२ साली तेथे लोक रस्त्यावर आले आणि सरकारला तसा काही बेत नसल्याचा खुलासा करावा लागला. ६ मे २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुडनकुलमला हिरवा कंदील दाखवला, पण अशी कायमची भूगर्भीय जागा लवकरात लवकर करा असेही सांगितले. त्यानंतर आणखी एक तप लोटले आहे. आमचा कचरा पुनर्प्रक्रियेमुळे इतका थोडा उरतो की इतक्यात अशा जागेची गरज नाही, अशी अणुऊर्जा विभागाची भूमिका राहिली आहे. ती खरी मानली तरी तिचा अर्थ एवढाच होतो की राखण तूर्त तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम येथे चालू आहे आणि पुढेही चालू राहील.

राखणदार कोण हा प्रश्न किती चिवट असतो ते तारापूरच्याच इतिहासात दिसते. १९६३च्या भारत-अमेरिका करारानुसार तारापूरला ३० वर्षे समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवणार होती. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला, १९७८ साली अमेरिकेने आपला कायदा कडक केला आणि पुरवठा अडला. १९८२ नंतर फ्रान्सने इंधन दिले, पुढे चीनने आणि रशियानेही दिले. मधल्या काळात वापरलेल्या इंधनावरून वाद झाला. आमच्या संमतीवाचून त्यावर पुनर्प्रक्रिया करू नये, असे अमेरिकेचे म्हणणे होते. करार संपल्यावर ते बंधन उरत नाही, असे भारताचे. १९९३ साली करार संपला. इंधन मात्र होते तेथेच राहिले. दोन बलाढ्य सरकारे, लेखी करार, नामांकित वकील, आणि तरीही एका वस्तूवर हक्क कोणाचा व ओझे कोणाचे हे ३० वर्षांत निर्विवाद ठरले नाही. पुढल्या ३००चे काय, असे विचारणाऱ्याला भाबडा म्हणता येणार नाही.

आता ३०० वर्षे म्हणजे किती, हे आमच्या मुलखाच्या मोजपट्टीने मोजून पाहू. ३०० वर्षांपूर्वी, १७२०च्या दशकात, वसई पोर्तुगिजांकडे होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल आला. १९४७ साली तोही गेला. १९६० साली महाराष्ट्र झाला, २०१४ साली पालघर. तारापूरच्या खंदकांना जेवढी राखण लागणार तेवढ्याच काळात ह्या किनाऱ्याने चार राजवटी पाहिल्या. त्या काळची दप्तरे आहेत, परंतु ती मोडीत आहेत. मोडी व्यवहारातून जाऊन जेमतेम पाऊणशे वर्षे झाली, आणि शहापूर-मुरबाडच्या घराघरांत आजोबा-पणजोबांचे जमिनीचे कागद वाचून घ्यायला मोडीचा जाणकार शोधत फिरावे लागते. भाषा आपली, जमीन आपली, नाव आपल्याच खापरपणजोबांचे, आणि अक्षर आपल्याला लागत नाही. सौम्य कचऱ्याच्या राखणीचा हा काळ. जहाल कचऱ्यापर्यंत आम्ही अजून आलोच नाही.

प्लुटोनियम-२३९चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे आहे. पुनर्प्रक्रियेत त्यातले बहुतेक काढून घेतले तरी काचेच्या डब्यांत दीर्घायुषी द्रव्यांचा अंश राहतोच. एवढ्या काळाला मोजपट्टी कोणती लावायची? आमच्या भागातली सर्वांत जुनी लेखी गोष्ट आम्ही घेऊ. मुरबाडहून वैशाखऱ्याला जावे, तेथून नाणेघाट चढावा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, प्राकृतातला, यज्ञांची आणि दानांची मोजदाद करणारा. आपल्या अंकलिपीच्या इतिहासात त्यातल्या आकड्यांना मोठे मोल आहे. लेण्यात राजकुळातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज वर नावे कोरलेली दिसतात आणि खाली मूर्तींच्या पावलांचे अवशेष. मधला माणूस गेला. लेखाची गत फार निराळी झाली नाही. शतकानुशतके ह्या वाटेने बैल गेले, व्यापारी गेले, फौजा गेल्या, पण ती अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली तेव्हा कोठे हा लेख पुन्हा बोलू लागला. नाणेघाटाच्या वयाची बारा पट केली की प्लुटोनियमचे एक अर्धायुष्य भरते.

उत्तर कोकणात आणखी एका जातीचे दगड आहेत. तेही इथे आठवतात. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढवाचे शिल्प. चंद्र-सूर्य असेतो हे दान टिकेल, जो मोडील त्याच्या कुळाला अत्यंत ओंगळ शाप. निरक्षरालाही कळावे म्हणून शाप चित्रात कोरलेला. पुढच्या पिढ्यांना दगडावर धाक घालून ठेवण्याची ही योजना पुष्कळ विचारपूर्वक केलेली होती. तिचे काय झाले? दाने गेली, राजे गेले. कोठे दगड बांधाला लागला, कोठे पायरीला बसवला गेला, आणि कोठे कोठे त्याला शेंदूर फासून लोक देव म्हणून पूजू लागले. ‘हात लावू नका’ असे सांगणाऱ्या दगडाला हजार वर्षांच्या आत लोक हात जोडू लागले.

ही तुलना केवळ आमच्या मनातली नव्हे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अमेरिकेने अण्वस्त्रांच्या उद्योगातला दीर्घायुषी कचरा मिठाच्या थरात पुरायला घेतला, तेव्हा दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला ‘इथे खणू नका’ हे कसे सांगावे ह्यावर तज्ज्ञांची मंडळे बसली. अजस्र काटेरी खांब, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रे, अनेक भाषांतले शिलालेख असे उपाय त्यांनी १९९३च्या अहवालात सुचवले. त्याआधी १९८४ साली चिन्हशास्त्रज्ञ थॉमस सेबिओक ह्यांनी अशी कल्पना मांडली होती की अणुकचऱ्याचे ज्ञान पिढ्यानपिढ्या सांभाळणारा एक पुरोहितवर्गच असावा आणि त्याने दंतकथा व विधी ह्यांच्या द्वारे लोकांना त्या जागेपासून दूर ठेवावे. ज्ञान मूठभरांपाशी आणि बाकीच्यांना फक्त भीती, ही व्यवस्था आपल्या समाजाने फार जवळून पाहिली आहे. तिच्याविषयी आम्हांला वेगळे सांगायला नको.

आणि विसरायला हजार वर्षे लागतात असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातल्या भंगारबाजारात कोबाल्ट-६०च्या किरणोत्साराने अनेक कामगार भाजले आणि एकाचा मृत्यू झाला. ते उपकरण दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात आले होते, पुढे कित्येक वर्षे वापराविना पडून होते आणि अखेर लिलावात भंगार म्हणून विकले गेले. हा अणुवीज केंद्राचा कचरा नव्हता, हे खरे. परंतु देशाच्या राजधानीत, शिकल्यासवरल्या माणसांच्या संस्थेत, अवघ्या चार दशकांत एका खोलीत काय ठेवले आहे ह्याची आठवण पुसली गेली. जे भाजले ते भंगार फोडून पोट भरणारे लोक होते. विस्मृतीची किंमत कोण मोजतो, हे इथे अगदी स्पष्ट दिसते.

ह्यावर एक रास्त उत्तर दिले जाते आणि ते टाळून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. उत्तर असे की, तुम्ही ज्या विजेवर हा लेख लिहिता ती बहुतांशी कोळशाची आहे. कोळशाच्या राखेचे डोंगर विदर्भात उभे आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत गेली. कोळशाच्या धुराने माणसे आज मरतात, हजार वर्षांनंतर नव्हे. हवामान बदलते आहे. त्या मानाने अणुकचरा मूठभर असतो, मोजलेला असतो, कोंडलेला असतो. हे सारे आम्हांला मान्य आहे. एक हजार मेगावॉटच्या अणुभट्टीतून वर्षाला साधारण २० ते ३० टन वापरलेले इंधन निघते. तेवढ्याच औष्णिक केंद्राची राख लाखो टनांत मोजावी लागते. अणुवीज नकोच असा आमचा आग्रह नाही. पण कचरा थोडा आहे एवढ्याने राखणीचा प्रश्न सुटत नाही. सोनेही थोडेच असते. कोंडलेले आहे म्हणता, तर कुलूप कोणाच्या हाती आहे हे विचारण्याचा हक्क अधिकच पोहोचतो.

तो हक्क आम्ही कोणत्या अनुभवातून मागतो तेही सांगायला हवे. शहापूर तालुक्याने मुंबईला पाणी दिले आहे. १८९२ साली तानसा पुरा झाला, १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर, पुढे भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. मोठमोठे नळ आमच्या शिवारांतून मुंबईकडे गेले आणि उन्हाळ्यात त्यांच्या आसपासच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणारी हंड्यांची रांग लागते. काळू आणि शाई ह्या नियोजित धरणांच्या नावाने मुरबाड-शहापूरच्या गावांत पुन्हा तीच धास्ती आहे. पाणी आणि अणुकचरा ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण व्यवहाराची रीत एकच : लाभ दूरच्या शहराला, भार जवळच्या गावाला, आणि दोहोंच्या मध्ये एक आश्वासन. धरणाच्या वेळी दिलेली आश्वासने दोन पिढ्यांत कशी विरतात हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून कोणी दोनशे पिढ्यांचे आश्वासन देऊ लागला की आम्ही आधी त्याचे दप्तर पाहायला मागतो.

दप्तर काय सांगते? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. ज्या आयोगाच्या छत्राखाली अणुभट्ट्या चालतात त्यालाच ते उत्तरदायी होते. २०१२ साली महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात ह्या रचनेवर बोट ठेवले. अणुवीज केंद्रे वय झाल्यावर मोडीत कशी काढायची ह्याच्या योजना तयार नाहीत, आणि त्यासाठी युनिटमागे घेतला जाणारा दोन पैशांचा आकार १९९१पासून बदललेला नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. दोन पैसे! १९९१ साली चहाचा कप काय भावाने मिळत होता हे वाचकांनी आठवून पाहावे. स्वतंत्र नियामकाचे विधेयक २०११ साली आले आणि २०१४ साली लोकसभेबरोबर विसर्जित झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ ह्या संक्षिप्त नावाचा नवा कायदा संमत केला. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा नुकसानभरपाईचा कायदा ह्या दोहोंची जागा त्याने घेतली. नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्रे उभारण्याची वाट मोकळी केली. वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया आणि जहाल कचऱ्याची व्यवस्था मात्र केंद्र सरकारकडेच राखून ठेवली.

सुरक्षेच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच आहे. प्लुटोनियम कंपन्यांच्या हाती असू नये. पण तिच्यातला हिशेब नीट वाचावा. वीज विकून मिळणारा नफा ४० किंवा ६० वर्षांचा, तो कंपनीचा. उरलेल्या राखेची राखण शेकडो-हजारो वर्षांची, ती सरकारची, म्हणजे आपली आणि आपल्या न जन्मलेल्या वारसांची. सरकारने ह्या राखणीचे मोल कंपनीकडून आज पुरते वसूल केले नाही तर स्वस्त अणुवीज ही उसनवारी ठरेल, आणि उसने देणाऱ्याला कोणी विचारलेलेही नसेल. जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प अजून कागदावर आहे. तो किंवा त्यासारखे दुसरे उभे राहण्याआधी हा हिशेब मांडला गेला पाहिजे.

जगात हे निराळ्या रीतीने झालेलेच नाही असे नाही. फिनलंडने एउरायोकी ह्या छोट्या पालिकेच्या हद्दीत, सुमारे ४३० मीटर खोल खडकात, वापरलेल्या इंधनासाठी ओंकालो नावाची जागा कोरली आहे. तांब्याचे डबे, त्यांभोवती पाणी अडवणारी बेन्टोनाइट माती, आणि भोवताली अतिप्राचीन खडक. पण आम्हांला त्यातला खडक महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की तेथल्या कायद्याने गावाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला होता. २००० साली पालिकेने मतदान करून ‘हो’ म्हटले, २००१ साली संसदेने मान्यता दिली, आणि मगच २००४ साली खोदाई सुरू झाली. ‘नाही’ म्हणता येत होते म्हणून त्या ‘हो’ला किंमत आली. त्या गावाला आपल्या पायाखाली काय आहे हे ठाऊक आहे. त्याच्या राखणीत गाव सामील आहे.

आमच्या सह्याद्रीचा काळा खडक अशा कामाला घ्यावा असे कोणी म्हटलेले नाही, आणि म्हणूही नये. हा बेसॉल्ट थराथरांचा आणि भेगाळलेला आहे. एका पाड्याची विहीर मार्चमध्ये आटते आणि हाकेच्या अंतरावरचा झरा मेपर्यंत वाहतो, तो ह्या भेगांमुळेच. पाणी हा पुरलेल्या कचऱ्याचा मोठा शत्रू, आणि ह्या डोंगरांचे पाणी तर मुंबई पिते. आमची भीती ‘आमच्या दारात नको’ ह्या जातीची नाही. आमच्याकडे नको म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दारात हवा, आणि तो दुसरा बहुधा आमच्यासारखाच आदिवासी किंवा कोळी असतो. तारापूरच्या शेजारच्या मच्छीमारांच्या वाट्याला आले ते आमच्या वाट्याला आले नाही, हा केवळ योगायोग आहे.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे आणि ते मराठीत मांडता येण्याजोगे आहे. तारापूरच्या आणि तुर्भ्याच्या आवारात किती कचरा, कोणत्या रूपात, कोणत्या अवस्थेत आहे ह्याचा वार्षिक गोषवारा मराठीत प्रसिद्ध व्हावा. चोराला उपयोगी पडेल असा तपशील त्यात नको, पण शेजाऱ्याला आवश्यक असा असावा. राखणीचा खर्च युनिटच्या दरात वेगळा दाखवावा, म्हणजे दोन पैशांची थट्टा पुन्हा होणार नाही. नवी जागा शोधताना ग्रामसभेला फक्त ऐकवून न घेता विचारावे. शहापूर तालुका आणि मुरबाड-पालघरची कित्येक गावे पाचव्या अनुसूचीत येतात, आणि १९९६च्या पेसा कायद्याचा आत्मा हाच आहे.

शेवटचे मागणे वरवर क्षुल्लक वाटेल. इंग्रजांनी १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात घाट, तळी, लेणी, किल्ले, बाजाराचे दिवस सारे नोंदले. ज्याला हा मुलूख समजून घ्यायचा आहे तो आजही ते उघडतो. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांची नवी गॅझेटियरे जेव्हा केव्हा होतील तेव्हा त्यांत लेणी आणि किल्ले ह्यांच्या शेजारी तारापूरचे खंदक आणि काचेची दालनेही नोंदवावीत : कोठे आहेत, कधी बांधली, आत काय आहे, किती वर्षे जपायचे. शाळेच्या जिल्हा-भूगोलात त्यांवर एक परिच्छेद असावा. मोडी गेली तशी ही लिपीही एक दिवस जाईल, तेव्हा त्या वेळच्या लिपीत नोंद पुन्हा उतरवून घ्यावी लागेल, आणि त्यानंतर पुन्हा. हे काम दगड करणार नाही. ज्यांना आपल्या शेजारी काय ठेवले आहे हे सांगितले गेले आहे अशी माणसेच ते करतील, आणि सांगण्याची सुरुवात आजच्या पिढीने करायची आहे, कारण वीज तिनेच वापरली.